विमानतळाचा पास: कामगार, ठेकेदार आणि भेटीला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीची पासची कागदपत्रे मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. फुलंब्री, पैठण, बदनापूर, गेवराईकडून कामाला येणारी मुले-मुली, त्यांचे आईवडील, लहानमोठे ठेकेदार आणि "एकदा आत जाऊन विमान बघायचंय" म्हणणारे पाहुणे मला जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. नांदेड आणि लातूरच्या विमानतळांनाही यातले बहुतेक लागू पडते, कारण देशभरचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो या एकाच कार्यालयाचे आहेत. फॉर्मचे नमुने, शुल्क आणि मुदती परिपत्रकांनुसार बदलत राहतात. तेवढे अर्ज करण्याआधी आपल्या विमानतळाच्या पास सेक्शनमध्ये विचारून घ्या.

कंपनीचे आयकार्ड आहे. मग वेगळा पास कशाला?

कंपनीचे आयकार्ड तुम्ही कुणाकडे नोकरीला आहात एवढेच सांगते. विमानतळाच्या आतल्या भागात पाऊल ठेवायला एअरपोर्ट एन्ट्री परमिट लागते. सगळे त्याला एईपी म्हणतात, किंवा नुसता पास. कुणाला, कोणत्या विमानतळावर, कोणत्या भागात आणि कोणत्या तारखेपर्यंत जाता येईल, हे त्यावर लिहिलेले असते. हे कार्ड ब्युरोच्या अधिकारात दिले जाते. ते तुमच्या गळ्यात असले तरी मालकी सरकारची. ही गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की करा, पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गेटवर कार्ड तपासणारे जवान बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे असतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी-८१४ विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने या दलाकडे आली. लहान विमानतळांवर राज्याचे पोलीसही हे काम करतात. पास कोण देतो आणि गेटवर कोण तपासतो, ही दोन वेगळी कार्यालये आहेत. पासात चूक असेल तर जवानाशी वाद घालून ती सुधारत नाही. त्यासाठी पास सेक्शनलाच जावे लागते.

मी स्वतः पाससाठी अर्ज करू शकतो का?

नाही. अर्ज नेहमी कंपनीमार्फतच जातो. विमान कंपनी, ग्राउंड हँडलिंग कंपनी (विमान जमिनीवर असतानाची बॅगा वगैरेची कामे करणारी), सफाईचा ठेकेदार, कॅन्टीनवाला, सरकारी खाते, जिथे तुमची नेमणूक झाली असेल ती संस्था तुमच्यासाठी हमी देते. त्या संस्थेचा अधिकृत सही करणारा माणूस आधीच नोंदवलेला असतो. त्याची सही आणि शिक्का नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण यात आपल्या भागातल्या पोरांचे पैसे बुडाले आहेत. "विमानतळावर नोकरी, पाससाठी आधी अमुक हजार भरा," असे फोन आणि व्हॉट्सॲप मेसेज येतात. लेटरहेड असते, विमान कंपनीचे बोधचिन्ह असते, कधी पासचा फोटोसुद्धा असतो. कापसाचे पैसे हातात आलेले असतात, घरात बीएस्सी झालेला मुलगा बसून असतो, आणि बाप पैसे भरून मोकळा होतो. तेव्हा नीट लक्षात ठेवा: नोकरी लागण्याआधी पास निघत नाही, आणि नोकरीच्या नावाखाली पाससाठी उमेदवाराच्या खात्यातून खासगी नंबरवर पैसे मागणारा माणूस फसवणारा असतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपली भरती स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करते. पैसे गेलेच, तर लाज बाळगून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

कागदपत्रे कोणती तयार ठेवायची?

ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, शिक्षणाची कागदपत्रे, नेमणुकीचे पत्र, फोटो, पोलीस पडताळणी, सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि कंपनीचे हमीपत्र. मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्सवर स्वतःची सही करा. फोटो अलीकडचाच हवा. दाढी ठेवण्याआधीचा किंवा लग्नाआधीचा फोटो लावला, तर गेटवरचा जवान रोज तुमच्याकडे दोनदा बघणार.

आधारवर एक नाव, दहावीच्या सनदेवर दुसरे. काय करू?

हा प्रश्न येत नाही असा आठवडा जात नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. दहावीच्या सनदेवर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडली की हे सुटते. पुरुषांच्या बाबतीत घोळ असतो तो स्पेलिंगचा. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शेक. एकीकडे नुसते बाबासाहेब, दुसरीकडे पूर्ण नाव. सोपा उपाय हाच की आधी आधार दुरुस्त करा आणि मग अर्ज भरा. अर्ज गेल्यावर दुरुस्ती करायला निघालात, तर पोलीस पडताळणी एका नावाने आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दुसऱ्या नावाने येते. मग सगळेच पुन्हा करावे लागते.

शहराच्या आणि जिल्ह्याच्या नावाबद्दलही विचारतात. जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद आणि धाराशिवचेही तसेच. जुन्या नावामुळे कागद खोटा ठरत नाही. फॉर्मवर मात्र पत्ता आधारवर आहे तसाच, अक्षर न बदलता लिहा.

पोलीस पडताळणीला एवढा वेळ का लागतो?

पडताळणीत दोन गोष्टी बघतात: तुम्ही सांगता तेच आहात का, आणि तुमच्यावर काही गुन्हा नोंद आहे का. शहरात राहत असाल तर कागद पोलीस आयुक्तालयाकडून तुमच्या ठाण्याला जातो, गावाकडचा पत्ता असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून. ठाण्यातला अंमलदार पत्त्यावर येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गावात पोलीस पाटलांशी बोलतो. हल्ली अर्ज ऑनलाइन भरला जात असला, तरी हे शेवटचे पायी चालणे काही टळलेले नाही.

आणि अडते नेमके तिथेच. बीड, जालना, परभणीकडची किती तरी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलगा इकडे मुकुंदवाडीत खोली घेऊन राहतो, आधारवर पत्ता गावचा, आणि अंमलदार गावात पोचतो तेव्हा घराला कुलूप. "पत्त्यावर आढळून आला नाही" असा शेरा पडतो. एका मुलाच्या बाबतीत हा शेरा पुसून काढायला चार महिने गेले. त्याने काही चूक केली नव्हती. त्याचे आईवडील तेव्हा कोल्हापूरकडच्या फडावर कोयता चालवत होते.

म्हणून ज्यांची घरे हंगामात बंद असतात, त्यांना मी तीन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली म्हणजे सध्या शहरात कुठे राहता तो पत्ता आणि गावचा पत्ता, दोन्ही फॉर्मवर लिहा. एक लपवला आणि नंतर दिसला, तर संशय वाढतो. खोली भाड्याची असेल तर भाडेकरार करा आणि घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला सांगा. बरेच घरमालक टाळाटाळ करतात, पण तुम्ही विमानतळावर लागणार आहात हे सांगितले तर ऐकतात. आणि गावातल्या पोलीस पाटलांना एक फोन करून ठेवा: "अण्णा, माझी चौकशी येणार आहे. आईबाबा फडावर गेलेत, माझा नंबर द्या." हा शिफारशीसाठी केलेला फोन नाही. चौकशीला आलेल्या माणसाला खरे उत्तर देणारे कुणीतरी जागेवर असावे, एवढ्यासाठी आहे.

माझ्यावर आंदोलनातला एक गुन्हा आहे. पास मिळेल का?

रास्ता रोको, मोर्चा, बंद यांत नाव आलेली मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली जातो. निर्णय पास देणारा अधिकारी पोलिसांचा अहवाल पाहून घेतो. तो कंपनीच्या हातात नसतो, माझ्याही नाही. मी एवढेच सांगेन की फॉर्मवर लपवू नका. गुन्हा पोलिसांच्या नोंदीत आहे, तो समोर येणारच. मग मूळ गुन्ह्यापेक्षा खोटी माहिती दिल्याचा डाग मोठा होतो. खटला मागे घेतला असेल, निर्दोष सुटका झाली असेल किंवा प्रकरण मिटले असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत आधीच काढून अर्जासोबत जोडा. "सरकारने सगळे गुन्हे मागे घेतलेत" हे बातमीत वाचले म्हणून तुमच्या गुन्ह्याची नोंद बंद झाली, असे धरू नका. तुमच्या नंबरच्या प्रकरणाचे काय झाले, ते कोर्टात जाऊन बघावे लागते.

प्रशिक्षण कसले असते?

एव्हसेक म्हणजे विमान सुरक्षेची ओळख करून देणारे प्रशिक्षण. कार्ड का घालायचे, कोणत्या वस्तू आत नेता येत नाहीत, बेवारस बॅग दिसली तर काय करायचे, संशयास्पद वागणूक कुणाला कळवायची, हे शिकवतात. सफाई कामगारापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना ते करावे लागते. हिंदी कळत असली तर अडचण येत नाही. नीट ऐका. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हलवायची नाही, लांब होऊन सुरक्षेला कळवायचे, एवढे जरी अंगात भिनले तरी तो दिवस कारणी लागला.

कार्डावरची अक्षरे म्हणजे काय?

विमानतळाचे भाग पाडलेले असतात: आगमन, प्रस्थान, सुरक्षा तपासणीनंतरचा कक्ष, बॅगा लावण्याची जागा, मालवाहतूक आणि विमाने उभी राहतात ते एप्रन. तुमच्या कामाला जेवढा भाग लागतो, तेवढ्याचीच खूण कार्डावर येते. मालवाहतुकीत काम करणाऱ्याला प्रस्थान कक्षात जाता येत नाही, आणि कॅन्टीनवाल्याला एप्रनवर. नाहक जादा भाग मागू नका. अर्ज परत येतो आणि उशीर होतो.

मी रोज येतो, सगळे मला ओळखतात. तरी रोज तपासणी का?

कारण तपासणी माणसाच्या स्वभावाची नसते, त्याच्या अंगावर आणि पिशवीत काय आहे त्याची असते. कुणीतरी नकळत तुमच्या पिशवीत काही टाकले असेल, तर तपासणी आधी तुम्हालाच वाचवते. सुरक्षा कक्षाकडे जाताना दिवसातून चार वेळा गेलात तर चारही वेळा तपासणी होणार. साहेबांचीही होते.

डबा एक्स-रेमधून जातो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. ज्वारीची भाकरी आणि ठेचा कुणी अडवत नाही. अडते ते खिशातले. काडेपेटी, लायटर, अडकित्ता, छोटा चाकू. शेतातून थेट शिफ्टला येणाऱ्यांच्या पिशवीत एखादेवेळी विळाही निघतो. तो मुद्दाम आणलेला नसतो हे सगळ्यांना कळते, पण नोंद होते आणि शिफ्ट वाया जाते. घरून निघताना पिशवी एकदा पूर्ण रिकामी करून परत भरा. विमानतळाची पिशवी वेगळी ठेवली तर सगळ्यात बरे.

प्लंबर, इलेक्ट्रिशियनने अवजारे कशी न्यायची?

यादी करून. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कटर हे सगळे कामासाठी लागते हे मान्य आहे. पण किती आत गेले आणि किती बाहेर आले, याचा मेळ बसला पाहिजे. एखादा स्क्रूड्रायव्हर छतात राहिला असे वाटले, तर "उद्या बघू" म्हणू नका. सुरक्षा कक्षाजवळ विसरलेले अवजार दुसऱ्या कुणाच्या हातात पडू शकते.

आपले विमानतळ ते केवढे! दिवसाला मोजकी विमाने. इथे एवढा कडकपणा कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून उत्तर लांबले तरी चालेल.

२६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. धावपट्टी संपली तरी त्याने पुरेशी उंची घेतली नव्हती, आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान त्याला धडकले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. तो अपघात होता, घातपात नव्हता, आणि पासशी त्याचा संबंध नाही. वैमानिकांच्या चुकीबरोबरच त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित न केल्यावरही चौकशीत बोट ठेवले गेले. मी ही घटना सांगतो ती एवढ्याचसाठी की विमानतळ लहान आहे म्हणून तिथली ढिलाई लहान ठरत नाही. चुकीच्या क्षणी चुकीच्या जागी असलेली एक गोष्ट पुरते. मग ती ट्रक असो, बेवारस ट्रॉली असो किंवा विनापरवाना माणूस.

शिवाय इथून चढलेला प्रवासी आणि इथे भरलेली बॅग दिल्ली-मुंबईला उतरते, तिथून पुढे जाते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे कनिष्क विमान अटलांटिकवर स्फोटात पडले, ३२९ माणसे गेली. स्फोटके असलेली बॅग ज्याच्या नावावर होती, तो माणूस विमानात चढलाच नव्हता. ती बॅग आधीच्या विमानातून पुढे येऊन कनिष्कमध्ये चढली होती. सुरक्षा ब्युरोला १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले ते याच काळात. साखळीतली कडी कुठल्या गावची आहे, हे तुटताना कुणी विचारत नाही.

ओळखीचा माणूस कार्ड न घालता दिसला तर?

त्याला थांबवा, नम्रपणे विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर सुरक्षेला कळवा. लिहायला सोपे आहे, करायला अवघड. आपल्याकडे सगळे काम ओळखीवर चालते. तहसीलमध्ये ओळख, दवाखान्यात ओळख, बँकेत ओळख. "आपलंच पोरगं हाय, सोडा की" हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. या मुलखात दुष्काळातही माणूस तगला तो एकमेकांच्या ओळखीवर. पण धावपट्टीच्या कुंपणाच्या आत ओळख चालत नाही, ओळखपत्र चालते. आपल्या मागोमाग दारातून कुणाला आत घेऊ नका, मग तो तुमचा सुपरवायझर असला तरी. साहेबांना थेट अडवायला जीव धजत नसेल, तर एवढे म्हणा: "साहेब, कार्ड दिसत नाही." पुढचे त्यांना कळते. चांगला अधिकारी यावर रागावत नाही, आणि रागावलाच तर तुमची बाजू नियमाने भक्कम असते.

कार्ड छातीवर, समोरून दिसेल असे घालायचे. स्वेटरच्या आत, रेनकोटच्या खाली, खिशात नाही.

दोन दिवसांच्या कामासाठी माणसे आणायची आहेत. गवत कापायचे आहे.

पावसाळ्यानंतर धावपट्टीच्या बाजूचे गवत कापणे हे मोठे काम असते, कारण उंच गवतात किडे येतात, त्यामागे पक्षी येतात आणि पक्षी विमानाला धोका. आसपासच्या गावांतली बायामाणसे या कामाला येतात. त्यांच्यासाठी तात्पुरता पास निघतो. ठेकेदाराने नावांची यादी, प्रत्येकाचे ओळखपत्र आणि कामाचा आदेश आधी द्यायचा असतो. आदल्या रात्री नऊला फोन करून "सकाळी वीस बाया येतील" असे चालत नाही. यादीतली एक आजारी पडली म्हणून तिच्या जागी जाऊबाई आली, तर तिला बाहेरच थांबावे लागेल.

तात्पुरत्या पासवाल्याने कायम पास असलेल्या सोबत्याला सोडून कुठेही जायचे नाही. आणि ठेकेदारांना माझी विनंती: आत किती नेले आणि बाहेर किती आले, हे डोकी मोजून बघा. दुपारी झाडाखाली डोळा लागलेली म्हातारी मागे राहिली तर तिची काहीच चूक नसते, पण सगळी यंत्रणा तिला शोधायला धावते.

आमच्या नेत्यांचे स्वागत आत जाऊन करता येईल का? हजला निघालेल्या आईला आतपर्यंत सोडता येईल का?

हार, फेटे आणि ढोल टर्मिनलच्या बाहेरच ठेवायचे. आत जायला ज्यांच्या नावाने रीतसर परवानगी आली असेल, तेवढेच जातात. नेत्याच्या सोबत चालत आलो म्हणून दार उघडत नाही.

प्रवाशाला आत जायला तिकीट आणि फोटो असलेले सरकारी ओळखपत्र लागते. सोडायला आलेल्यांचा निरोप दारापाशी. काही विमानतळांवर भेटीला येणाऱ्यांसाठी प्रवेश तिकीट मिळते, पण प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ते बहुधा बंद ठेवतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला, तेव्हा देशभरातल्या टर्मिनलमध्ये भेटीला येणाऱ्यांचा प्रवेश थांबवला होता. आई-वडील वयस्कर असतील, चालवत नसेल, तर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी नोंदवा. मग दारापासून विमानापर्यंत कर्मचारी सोबत असतो. पन्नास नातेवाईक आत घेण्याची खटपट करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

नांदेडला कामाला असलेल्या शीख कर्मचाऱ्याला कृपाण घालता येते का?

हो. सुरक्षा ब्युरोच्या ४ मार्च २०२२ च्या आदेशात प्रवाशांना कृपाणाची मुभा देताना कर्मचाऱ्यांना ती नाकारली होती. त्यावर नाराजी व्यक्त झाली आणि १२ मार्चला शुद्धिपत्रक काढून तो परिच्छेद वगळण्यात आला. देशांतर्गत विमानात जाणाऱ्या शीख प्रवाशासाठी पात्याची लांबी १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर ही मर्यादा आहे, म्हणजे सहा आणि नऊ इंच. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना हे आधी कळवून ठेवा, म्हणजे गेटवर मन दुखावणारा प्रसंग येत नाही.

एप्रनवर गाडी चालवायला हाच पास पुरतो का?

नाही. वाहन चालवण्याचा वेगळा परवाना आणि गाडीचा वेगळा पास लागतो. आरटीओचे लायसन्स चालू असले पाहिजे. वाहनचालकांची आणि इतर कर्मचाऱ्यांची श्वास तपासणीही अचानक होते. रात्री लग्नाच्या वरातीत घेतली असेल, तर सकाळच्या शिफ्टला येऊ नका. रजा टाका.

विमानासमोर रील काढली तर?

काढू नका. एप्रनवर परवानगीशिवाय चित्रीकरणाला मनाई आहे. त्याहून धोक्याचे म्हणजे नवा पास मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो स्टेटसला ठेवणे. आनंद मला समजतो. घरातला पहिला मुलगा विमानतळावर लागला, आईला फोटो दाखवायचाय. आईला कार्ड हातात घेऊन दाखवा, ओवाळून घ्या. पण त्या फोटोवरून बनावट कार्ड करणाऱ्याला नंबर, रचना, सही सगळे मिळते.

पास हरवला. काय करू?

पहिल्या तासात करायची कामे: सुपरवायझरला फोन, विमानतळाच्या सुरक्षा नियंत्रण कक्षाला कळवणे, जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार. सिडको बसस्थानकात पाकीट मारले असो की पैठणच्या जत्रेत कार्ड पडले असो, "घरी सापडेल" म्हणून दोन दिवस थांबू नका. कळवल्यावर तो नंबर रद्द होतो आणि कुणी ते वापरले तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. न कळवता थांबलात, तर येते. नवीन कार्डासाठी तक्रारीची प्रत आणि खुलासा लागतो, दंडही असतो. जुने नंतर सापडले, तर ते वापरायचे नाही, जमा करायचे.

मुदत संपत आली आहे.

दोन महिने आधी कंपनीच्या मागे लागा. तारीख तुमच्या कार्डावर आहे, ऑफिसच्या रजिस्टरवर विसंबू नका. कंपनीचा विमानतळाशी असलेला करार संपणार असेल, तर तुमच्या पासची मुदतही त्यापुढे जात नाही. ठेका बदलला आणि नव्या कंपनीने तुम्हालाच ठेवले, तरी नवा पास नव्या कंपनीच्या नावाने निघतो. तो मिळेपर्यंत घरी बसण्याची पाळी येऊ नये म्हणून नव्या कंपनीला कागद आधीच देऊन ठेवा.

नोकरी सोडली. शेवटचा पगार मिळेपर्यंत पास माझ्याकडे ठेवू का?

नाही. राग कितीही खरा असला तरी नाही. पगार अडवला असेल तर कामगार आयुक्तालयात तक्रार करा, त्यात आम्ही मदत करू. पण पास हा ओलीस धरायचा दागिना नव्हे.

७ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात एक माणूस पिस्तूल घेऊन चढला. काही दिवसांपूर्वीच त्याला कामावरून काढले होते, आणि काढणारा वरिष्ठ त्याच विमानात होता. पिस्तूल आत गेले कसे? त्याचे ओळखपत्र कुणी परत घेतले नव्हते. ते दाखवून तो तपासणी टाळून गेला. विमान पडले, ४३ जण मेले. त्यानंतर तिथे काढलेल्या कर्मचाऱ्याचे कार्ड तत्काळ काढून घेण्याचा नियम आला. म्हणून मालकांनाही सांगतो: माणसाला काढताना हिशेबाचा कागद नंतर करा, कार्ड आधी हातात घ्या, आणि पास सेक्शनला त्याच दिवशी पाठवा. कर्मचारी न सांगता गावी निघून गेला असेल, तर माणूस पाठवून आणा. गेवराई काही लांब नाही.

कार्ड जमा केल्याचा पुरावा काय?

पोच मागून घ्या. कार्डाचा नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेला कागद. पुढे दुसऱ्या विमानतळावर, पुण्याला किंवा मुंबईला अर्ज कराल, तेव्हा "आधीचा पास कुठे आहे?" असे विचारतात. त्या वेळी हा चिठोरा सोन्यासारखा उपयोगी पडतो. आधारच्या झेरॉक्ससोबत घरातल्या पेटीत ठेवा.